थंड मुलखातलं स्फॅग्नम मॉस : बेळगाव-खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या नर्सऱ्यांत ऑर्किडच्या कुंड्यांशेजारी पिशवीत ठेवलेलं पांढुरकं, वाळलेलं मॉस. पीयूसीच्या पहिल्या वर्षाच्या (अकरावीच्या) जीवशास्त्रात दोन ओळींत उरकलेलं एक अवघड नाव. आणि आषाढात जांबोटी-कणकुंबीकडे दगडाधोंड्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर चढणारा हिरवा थर. लोक या तिन्ही गोष्टी एकच धरून चालतात आणि बहुतेक प्रश्न तिथूनच सुरू होतात.

स्फॅग्नम म्हणजे आमच्या भिंतीवर उगवतं तेच शेवाळ का?

नव्हे. विहिरीच्या पाण्यावर तरंगतं ते शैवाल. त्याला खोड नाही, पान नाही. परड्याच्या भिंतीवर, मंगळुरी कौलांवर, बेळगावच्या किल्ल्याच्या तटावर पावसाळ्यात जो मऊ थर धरतो ते मॉस. डोळे जवळ नेऊन पाहिलं तर ती खोड आणि पानं असलेली हजारो चिमुकली झाडं असतात, एकमेकांना खेटून उभी. स्फॅग्नम हेही मॉसच, पण बाकीच्या भाऊबंदांपासून फार पूर्वी वेगळं झालेलं. त्याच्या ३००हून जास्त जाती आहेत. कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सायबेरिया, आयर्लंड, स्कॉटलंड हे त्याचं मोठं घर. दक्षिण गोलार्धात चिलीचं दक्षिण टोक, न्यूझीलंड आणि टास्मानिया.

दिसायला कसं असतं? ओळखायचं कशावरून?

शेंड्यावरून. प्रत्येक झाडाच्या टोकाला आखूड फांद्यांचा दाट गुच्छ असतो, वरून पाहिला तर चांदणीच्या आकाराचा. त्याखाली खोडावर थोड्या थोड्या अंतराने फांद्यांचे झुपके येतात. झुपक्यातल्या काही फांद्या आडव्या पसरतात, काही खोडाला लगटून खाली लोंबतात, आणि या लोंबणाऱ्या फांद्यांच्या फटींतून पाणी वर चढतं. मुळं अजिबात नाहीत. इतर मॉसना निदान जमिनीला धरून ठेवणारे बारीक तंतू असतात, वाढलेल्या स्फॅग्नमला तेही नसतात. वरचा शेंडा वाढत राहतो, खालचा भाग मरत राहतो, आणि ही एकच हालचाल शतकानुशतकं चालते.

रंगावरून फसायला होतं. हिरवं, पिवळट, तांबूस, अगदी लालभडकही स्फॅग्नम असतं. स्फॅग्नम कॅपिलिफोलियम लाल छटेचं, स्फॅग्नम फस्कम गंजाच्या रंगाचं. रंगांपेक्षा त्यांच्या जागा पाहाव्यात. कस्पिडेटम नावाची जात डबक्यात बुडून राहते, तर फस्कम पाण्याच्या पातळीपासून वीत-दीड वीत वर उंचवटे रचून त्यावर बसते. एकाच दलदलीत, हाताच्या अंतरावर, प्रत्येक जातीने आपापली ओल वाटून घेतलेली असते. दलदल अभ्यासणारी माणसं पाण्याची पातळी कुठवर आहे हे निव्वळ स्फॅग्नमची जात पाहून सांगतात.

दुकानातलं वाळलेलं मॉस तपासायचं असेल तर चिमूटभर पाण्यात टाका. बघता बघता फुगतं आणि पिळलं की चक्क धार लागते. भिंतीवरचं मॉस भिजतं, पण धार देत नाही.

एवढं पाणी राहतं कुठे?

मेलेल्या पेशींत. स्फॅग्नमचं पान एकाच पेशीच्या जाडीचं असतं, पण त्यात पेशी दोन प्रकारच्या. एक अरुंद, हिरव्या, जिवंत. अन्न तयार करण्याचं काम त्यांचं. दुसऱ्या मोठ्या, रिकाम्या, रंगहीन. वाढ पूर्ण झाली की त्या मरतात आणि त्यांच्या भिंतींना भोकं राहतात. भोकं पाडलेली रिकामी मडकी शेजारी शेजारी रचावीत तशी ही रचना असते. पेशीच्या आतून गोल फिरलेल्या पट्ट्या असतात, त्यामुळे पाणी निघून गेलं तरी ती चेपत नाही. बहुतेक जाती आपल्या कोरड्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी धरतात, काही त्याहूनही जास्त. वाळल्यावर या पेशींत पाण्याच्या जागी हवा शिरते आणि हिरव्या पेशींचा रंग झाकला जातो. नर्सरीतलं मॉस पांढुरकं दिसतं ते यामुळे. ते ब्लीच केलेलं नसतं.

आमच्याकडे तिकडच्यापेक्षा जास्त पाऊस पडतो. मग थंडी कशाला पाहिजे?

सगळ्या यादीतला हा खरा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आयर्लंडच्या मधल्या सपाट प्रदेशात स्फॅग्नमच्या कित्येक मीटर जाड दलदली आहेत. तिथला पाऊस वर्षाला साधारण ८०० ते १,००० मिलिमीटर. आपल्या बेळगाव शहरात त्याहून जास्त पडतो, आणि कणकुंबी-आमगाव पट्ट्यात तर कित्येक पट. नुसत्या पावसाच्या आकड्यावर ठरलं असतं तर खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग स्फॅग्नमने भरून गेला असता.

फरक कॅलेंडरचा आहे. आयर्लंडमध्ये वर्षातले १५० ते २२५ दिवस मिलिमीटरभर तरी पाऊस होतो. धो धो नाही, नुसती रिपरिप, पण बाराही महिने. उन्हाळ्यात पारा विशीच्या आसपास राहतो, त्यामुळे पडलेलं पाणी उडूनही जात नाही. आपल्याकडे मृग लागल्यापासून गणपती उठेपर्यंत आभाळ फाटल्यासारखं कोसळतं, दसऱ्यानंतर हवा कोरडी होत जाते आणि मार्च ते मे कातळ तापून निघतात. शिवाय आपला जांभा दगड पाणी साठवत नाही, खाली झिरपू देतो. उताराचं पाणी ओहोळातून निघून जातं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, देगावकडे म्हादई. म्हणजे पडलेलं पाणी इथून वाटेला लागतं, मुक्कामाला थांबत नाही.

स्फॅग्नमला नेमका मुक्काम लागतो. मुळं नसल्यामुळे खालच्या थरातली ओल ओढून घेणं त्याला जमत नाही. आजूबाजूला पाणी असेल तोवरच ते जिवंत. याबाबतीत आपल्या भिंतीवरचं मॉस जास्त चिवट आहे. होळीला ते काळपट, कुरकुरीत होऊन पडलेलं असतं, आणि वळवाची पहिली सर आली की थोड्याच वेळात पुन्हा हिरवं. स्फॅग्नमच्या बहुतेक जातींना इतका लांब कडक उन्हाळा पचत नाही.

थंडीचा दुसरा उपयोग कुजण्याशी आहे. आपल्याकडे जंगलात पडलेला पाला एक-दोन पावसाळ्यांत माती होतो. थंड, पाणी तुंबलेल्या आणि हवा न शिरणाऱ्या जागी तो कुजायचं काम अर्धवट राहतं. स्फॅग्नमचा खालचा मेलेला भाग तसाच साठत जातो, त्यालाच पीट म्हणतात. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. मीटरभर खोल खणलं तर आपण हजारेक वर्षं मागे गेलेलो असतो.

म्हणजे गरम देशांत पीट बनतच नाही?

बनतं. इंडोनेशियात आहे, आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात आहे. काँगोतल्या पीटचा नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचं क्षेत्र सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर निघालं. पण ते स्फॅग्नमचं नाही, दलदलीतल्या झाडांच्या लाकूड-पाचोळ्याचं आहे. तिथे उष्णता असली तरी जमीन बाराही महिने पाण्याखाली असते. म्हणजे पीटला आधी पाणी तुंबलेलं हवं, थंडी त्यानंतर. आपल्याला जवळचं उदाहरण हवं असेल तर निलगिरी. तिथे २,००० मीटरच्या वर दऱ्यांच्या तळाशी गवताच्या आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतींच्या पीटचे हजारो वर्षांचे थर आहेत, आणि दक्षिण भारतात पूर्वी पाऊस कधी वाढला, कधी घटला हे शास्त्रज्ञांनी त्यावरून वाचलंय.

भीमगड, चोर्ला, जांबोटीच्या जंगलात शोधलं तर मिळेल का?

तिथे मॉस भरपूर मिळेल, स्फॅग्नमची दलदल नाही. सदाहरित रानात फांद्यांवरून झालरीसारखं लोंबतं त्याला बरेच जण स्फॅग्नम समजतात. ते वेगळ्या कुळातलं. जाळलेल्या किंवा उघड्या पडलेल्या मातीवर फ्युनेरिया येतं, पीयूसीच्या पुस्तकातलं दुसरं नाव. गावातल्या दगडी आणि सिमेंटच्या भिंतींवर हायोफिला.

मात्र थंड मुलखातलं एक मॉस तुमच्या अंगणातही असण्याचा चांगला संभव आहे. फरशीच्या सांध्यांत, गटाराच्या कडेला चंदेरी चमक असलेलं बारीक मॉस दिसतं, त्याचं नाव ब्रायम अर्जेंटियम. पानांच्या टोकांना हिरवा रंग नसल्यामुळे ते चंदेरी दिसतं. टिळकवाडीच्या फूटपाथवर आढळणाऱ्या या मॉसची नोंद अंटार्क्टिकातही आहे. स्फॅग्नमच्या मागे धावणाऱ्यांनी आधी याच्याकडे नीट बघावं, असं माझं मत.

भारतात खरं स्फॅग्नम कुठे आहे?

मुख्यतः हिमालयाच्या ओलसर भागात: सिक्कीम, दार्जिलिंग, अरुणाचल, उत्तराखंडचे काही उंच पट्टे, आणि ईशान्येत मेघालयाचे डोंगर. आपल्या भागात घरटी नाही तरी गल्लीत एखादा तरी मराठा लाइट इन्फंट्रीतला असतो आणि त्याची पोस्टिंग कधी ना कधी सिक्कीम-अरुणाचलला झालेली असते. पाय ठेवला की पचकन पाणी येणारी फिकट हिरवी गादी तिथे पाहिली का, असं विचारून बघा.

बर्फाखाली ते मरत कसं नाही?

साचलेला बर्फ वरून येणारी कडक थंडी अडवतो, त्यामुळे त्याखालचं तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. वाढ थांबते, जीव राहतो. मॉस एकूणच थंडीला किती पुरून उरतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं, जरी ते स्फॅग्नमचं नाही. अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर कायम गोठलेल्या मॉसच्या थरातून काढलेला गाभा प्रयोगशाळेत उबेत आणि उजेडात ठेवला, तर सुमारे १,५०० वर्षं गोठून पडलेल्या भागातून नवे कोंब आले. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

स्फॅग्नमच्या दलदलीत प्रेतं कुजत नाहीत म्हणतात, खरंय का?

खरंय. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट काढणाऱ्यांना एका माणसाचं शव सापडलं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हनुवटीवरचे खुंट, डोक्यावरची चामड्याची टोपी, सगळं जागच्या जागी. लोकांना वाटलं नुकताच झालेला खून आहे आणि पोलिसांना कळवलं गेलं. गळ्यात फास होता, तेव्हा संशय अगदीच चुकीचा नव्हता. फक्त प्रकरण इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या आसपासचं निघालं. टोलंड मॅन या नावाने तो ओळखला जातो. इंग्लंडमध्ये १९८४ साली लिंडो मॅन असाच मिळाला.

कारण तीन. पाणी तुंबल्यामुळे ऑक्सिजन नाही, थंडी आहे, आणि तिसरं काम खुद्द स्फॅग्नम करतं. त्याच्या पेशीभित्तिका पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदल्यात हायड्रोजनचे आयन सोडतात. त्यामुळे पाणी आम्लधर्मी होत जातं. अशा दलदलीचा सामू बहुधा ३.५ ते ४.५ असतो. स्फॅग्नममधली काही रसायनं कातडी कमावल्यासारखी टिकवतात. हाडांचा चुना मात्र आम्लात विरघळतो, म्हणून काही शवांत कातडी शाबूत आणि हाडं मऊ पडलेली असा उलटा प्रकार दिसतो.

आम्लाने दुसऱ्या झाडांचीही पंचाईत होते आणि स्फॅग्नमला जागा मोकळी मिळते. स्वतःला सोयीची जमीन स्वतःच तयार करणारी वनस्पती म्हणून त्याचं नाव घेतात ते योग्यच.

अशा आंबट, निकस पाण्यात आणखी काय जगतं?

किडे खाणाऱ्या वनस्पती. जमिनीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून त्या तो किड्यांतून मिळवतात. उत्तरेकडच्या स्फॅग्नमवर गोल पानांचं ड्रोसेरा ठिकठिकाणी दिसतं.

इथे आपला आणि त्यांचा धागा जुळतो. चोर्ला-कणकुंबीच्या जांभ्या कातळांवर श्रावण-भाद्रपदात पाणी साचतं, माती बोटभर, तीही निकस. तिथे आपलं दवबिंदू उगवतं, ते ड्रोसेराच. शेजारीच सीतेच्या आसवांची निळी-जांभळी चादर असते; ती युट्रिक्युलारिया, जमिनीलगतच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडणारी. याच दोन्ही वंशांतल्या त्यांच्या बहिणी आयर्लंड-कॅनडाच्या दलदलीत आहेत. तिकडे ही परिस्थिती बारमाही, इकडे हंगामी. म्हणून आपली झाडं महिन्या-दोन महिन्यांत फुलून, बी टाकून मोकळी होतात.

फूल नाही, बी नाही, मग पसरतं कसं? (परीक्षेला विचारतात.)

दोन तऱ्हांनी. सोपी म्हणजे तुकडा मोडून. तुकडा ओल्या जागी पडला की वाढतो. दुसरी स्पोअरमधून, म्हणजे बीजाणूंतून, आणि ती थेट तोफखाना आहे.

आपण जे हिरवं झाड पाहतो ते गॅमेटोफाइट. फलन झाल्यावर त्यावर स्पोरोफाइट येतं, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आसपासची तपकिरी गोल डबी. फ्युनेरियाची डबी स्वतःच्या लांब देठावर, म्हणजे सीटावर, उभी असते. स्फॅग्नममध्ये तसा सीटा वाढत नाही; डबी उचलायला मूळ हिरव्या झाडाचाच देठ लांबतो, त्याला स्यूडोपोडियम म्हणतात. फ्युनेरियाच्या डबीच्या तोंडाला दातऱ्या असतात, स्फॅग्नमला नसतात. स्पोअरमधून निघणारा प्रोटोनेमाही फ्युनेरियात धाग्यासारखा आणि स्फॅग्नममध्ये चपटा. चार गुणांना एवढा फरक पुरतो.

आता तोफखाना. उन्हात डबी वाळते, गोलाची नळकांडी होते आणि आतली हवा दाबली जाते. दाब काही वातावरणांइतका चढला की झाकण उडतं आणि स्पोअर दहा-पंधरा सेंटिमीटर वर फेकले जातात. एवढी हलकी धूळ खरं तर लगेच अडकून खाली बसायला हवी. पण २०१० मध्ये वेगवान कॅमेऱ्याने दाखवून दिलं की झाकण उडताना हवेचं फिरतं कडं तयार होतं आणि ते स्पोअरना वर वाहून नेतं. जमिनीलगत वारा लागत नाही. तेवढं वर गेलं की लागतो आणि पुढचा प्रवास तोच करतो.

स्फॅग्नम जखमेवर बांधायचे हे खरं का?

पहिल्या महायुद्धात कापसाची टंचाई झाली तेव्हा ब्रिटनमध्ये स्फॅग्नमच्या पट्ट्या तयार होऊ लागल्या, आणि १९१८ पर्यंत महिन्याला दहा लाखांच्या घरात जात होत्या. रक्त भरपूर शोषतं आणि आम्लामुळे जंतू वाढत नाहीत. कॅनडातले मूळ रहिवासी बाळांच्या लंगोटात घालत. आज मात्र नर्सरीतलं मॉस जखमेला लावू नका. कारण पुढे येतंच.

पीट, स्फॅग्नम मॉस आणि कोकोपीट यांत फरक काय? दुकानदार तिन्ही एकच सांगतो.

स्फॅग्नम मॉस म्हणजे वरचा थर तोडून वाळवलेला, लांब तंतूंचा. बाजारातलं बहुतेक न्यूझीलंड किंवा चिलीचं असतं, दाबलेल्या वड्यांत येतं. दीडशे ग्रॅमची वडी भिजवली की दहा-बारा लिटरची बादली भरते. पीट म्हणजे त्याच दलदलीतला खालचा, शेकडो वर्षांचा, तपकिरी चुरा. कोकोपीटचा या दोन्हींशी काहीही संबंध नाही, तो नारळाच्या सोडणाचा भुसा.

आपल्या भागात भाजीच्या रोपांचे ट्रे कोकोपीटवरच भरतात आणि तेच बरोबर आहे. स्वस्त, इथलंच, आणि पीटइतकं आम्लधर्मी नाही. फक्त कोकोपीट धुतलेलं घ्या, नाहीतर त्यातल्या क्षारांनी कोवळी मुळं करपतात. आणि मनी प्लांटला टेकू म्हणून "मॉस स्टिक" विकतात त्यावर बहुतेक वेळा काथ्याच गुंडाळलेला असतो. झाडाला चालतो, पण मॉसचा भाव देऊ नका.

बेळगावच्या हवेत ऑर्किड स्फॅग्नममध्ये लावावं का?

सरसकट नको. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की स्फॅग्नममधली मुळं वाळायला संधीच मिळत नाही आणि कुजतात. वाढलेल्या झाडाला लोणारी कोळसा, फुटक्या कौलाचे तुकडे आणि थोडी साल हे मिश्रण इथे जास्त सोसतं. सीतेच्या वेणीसारखी आपली रानातली ऑर्किड्स तर नुसती लाकडाला बांधावीत, त्यांना मॉस लागत नाही.

स्फॅग्नम उपयोगी पडतं ते मुळं गेलेलं आजारी फॅलेनॉप्सिस ऑर्किड सावरायला, बाळरोपांना, आणि ऑक्टोबर ते मे अशा कोरड्या महिन्यांत. कुंडीत दाबून भरू नका. दाबलं की हवा जाते आणि सगळा फायदाच संपतो. दीड-दोन वर्षांत ते चिकट, काळपट होतं, तेव्हा बदला.

शेतकऱ्यांसाठी याहून चांगला उपयोग म्हणजे गुटी कलम. पेरू, लिंबू, डाळिंबाच्या फांदीची साल गोल काढून त्यावर भिजवून पिळलेलं स्फॅग्नम आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधलं की मुळं फुटेपर्यंत ओल टिकते. त्याला फार लागतही नाही, मूठभर पुरतं.

जिवंत स्फॅग्नम घरी वाढवता येईल का?

पावसाळ्यात आणि थंडीत येतं, एप्रिल-मे पार करणं अवघड. उथळ भांडं, तळाशी कायम पाणी, उजेड भरपूर पण दुपारचं ऊन नाही. पाणी पावसाचं हवं; पागोळ्यांखाली पिंप लावून साठवलेलं उत्तम. बोअरच्या पाण्यात चुना असतो आणि स्फॅग्नमला तोच सोसत नाही. खत अजिबात नको. खत घातलं की त्यावर शैवाल चढतं आणि मॉस गुदमरतं.

हाताळताना काही धोका आहे का?

थोडा आहे आणि टाळता येतो. स्फॅग्नमवर स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असू शकते. हाताला काटा रुतलेला असेल, चीर असेल तर ती त्वचेत शिरते. आधी एक गाठ येते, मग तिथून हाताच्या वरच्या बाजूला रांगेने गाठी उठतात. अमेरिकेत १९८८ साली विस्कॉन्सिनहून आलेलं मॉस आणि त्यात बांधलेली रोपं हाताळणाऱ्या ८४ जणांना हा आजार झाला होता. हातमोजे घाला, कोरडं मॉस हवेत झटकू नका, आधी भिजवा. अशी गाठ आलीच तर डॉक्टरांना मॉस हाताळल्याचं आवर्जून सांगा, म्हणजे निदान लवकर होतं. उपचार आहेत.

दिवाळीच्या किल्ल्याला आणि गणपतीच्या आराशीला रानातून मॉस आणलं तर?

घराच्या कुंपणाची भिंत खरवडून किल्ल्यावर लावा, कोण काही म्हणत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते परत येतं. पण पोती भरून रानातून आणणं वेगळं. भीमगड अभयारण्यातून काहीही उचलणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी बुंध्यावरचा तो थर परत यायला बरीच वर्षं घेतो, आणि तोवर त्यात राहणारे किडे, त्यावर रुजणारी ऑर्किडची बाळं सगळं जातं. तेही चार दिवसांच्या आराशीसाठी. किल्ल्याला अळीव किंवा मोहरी पेरा. गादी दाट होते आणि पोरांना रोज पाणी मारायचं काम मिळतं.

स्फॅग्नम विकत घेणं पर्यावरणाला वाईट का?

पीटची पोती आणि मॉसची वडी यांत फरक करायला हवा. पीट असलेली जमीन जगाच्या एकूण जमिनीच्या जेमतेम ३ टक्के आहे, पण तिच्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त. खणून वर काढलं की तो हवेत जाऊ लागतो आणि परत साठायला हजारो वर्षं. वरचं मॉस जपून तोडलं तर काही वर्षांत पुन्हा वाढतं, अर्थात जपून तोडलं तरच. चिलीत बेसुमार तोडीमुळे २०२४ मध्ये पीटभूमीच्या रक्षणासाठी कायदा करावा लागला. माझं सांगणं असं की मोठ्या प्रमाणावर लागणाऱ्या कामाला कोकोपीट वापरा, पीट घेऊ नका, आणि गुटीला-ऑर्किडला लागणाऱ्या मूठभर मॉसवरून जीव जाळू नका.

मसाल्यातलं दगडफूल हे मॉसच ना?

नाही. ते लायकेन, बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार.

फणसाच्या, आंब्याच्या बुंध्यावर मॉस चढलंय. झाड वाळेल का?

नाही. त्याला मुळं नाहीत, झाडातून ते काही शोषत नाही. बांडगुळाशी त्याची गल्लत करू नका, ते खरोखर रस ओढतं. बुंधा खरवडून चुना फासायचीही गरज नाही.

कॉलेजला स्फॅग्नमची स्लाइड दाखवायची आहे. जिवंत नमुना कुठे मिळेल?

जिवंत लागतच नाही. बघायच्या आहेत त्या रिकाम्या पेशी मुळातच मेलेल्या, म्हणून वाळलेल्या मॉसमध्येही त्या जशाच्या तशा असतात. नर्सरीतून चिमूटभर आणा, दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा. आडव्या पसरलेल्या फांदीवरून चिमट्याने एक पान सोलून काढा; खोडावरची पानं घेऊ नका, त्यांच्यात पट्ट्या नीट दिसत नाहीत. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, सॅफ्रानिनचा एक थेंब द्या आणि मिनिटभराने जास्तीचा रंग टिपून घ्या. कव्हरस्लिप ठेवताना एका कडेने टेकवा, नाहीतर बुडबुडे अडकतात. १०० पट मोठं करून आधी जाळी पाहा, मग ४०० पटीवर एकाच मोठ्या पेशीवर थांबा. आडव्या पट्ट्या लगेच दिसतात. भोकांना वेळ लागतो. फोकस अगदी हळू वर-खाली करत राहा, ती पेशीच्या कडेला गोल कड्यांसारखी उमटतात.